जुनं व्हिडिओ गेम मशीन: मूळ ठेवायचं की नुसतं चालतं? खान्देशातल्या नवख्यांसाठी

भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, धुळे, नंदुरबार इथल्या स्टँडजवळच्या नाहीतर टॉकीजसमोरच्या गेम पार्लरमधली बरीचशी मशीनं भंगारात गेली. जी उरली ती कुणाच्या गोडाऊनमध्ये, वखारीत नाहीतर जिन्याखाली पडून आहेत. असं एखादं हाती लागलं की दोन प्रकारचे सल्लागार जमतात. एक सांगतो, "आतलं सगळं काढ, एलसीडी बसव, हजार गेमचा बोर्ड टाक, मोकळा हो." दुसरा म्हणतो, "एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही." पहिल्याचं ऐकलं तर पंधरा दिवसांत मशीनचा नुसता खोका उरतो. दुसऱ्याचं ऐकलं तर पहिल्याच उन्हाळ्यात धूर निघतो.

काम करताना एकच कसोटी लावा. जे झिजायलाच बनवलंय ते बिनधास्त बदला. ज्यावरून मशीन ओळखू येतं त्याला हात लावू नका. मधलं जे काही असेल ते असं बदला की उद्या पुन्हा पहिल्यासारखं करता येईल.

१. आपल्याकडच्या मशीनमध्ये मूळ काय, ते आधी ठरवा

परदेशी मार्गदर्शक वाचून लोक जपानी किंवा अमेरिकन कारखान्यातलं कॅबिनेट डोळ्यांसमोर ठेवतात. आपल्याकडची बहुतेक मशीनं तशी नव्हतीच. खोका गावातल्या नाहीतर मुंबईच्या सुताराने १८-१९ मिमी प्लायचा केलेला, वरून सनमायका, आत २० किंवा २१ इंची रंगीत टीव्हीची ट्यूब आणि चेसिस (ट्यूब चालवणारं सर्किट), आणि बोर्ड, म्हणजे गेमचं सर्किट, बहुधा नकली. ज्याला सगळे 'मुस्तफा' म्हणतात तो कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स'. त्याचेही नकली बोर्ड भरपूर फिरले. त्यांत आवाजाची जोडणी वेगळी असल्यामुळे संगीत अस्सल बोर्डासारखं वाजत नाही.

म्हणून अशा मशीनवर परदेशातून मागवलेले चकचकीत स्टिकर लावून ते मूळ रूपात आणल्याचा दावा करू नका. ते पार्लरमध्ये जसं उभं होतं तेच त्याचं मूळ रूप: रंगाऱ्याने हाताने काढलेला फायटर, स्पेलिंग चुकलेलं नाव, 'उधारी बंद'ची पाटी, सिगारेटने जळालेली कंट्रोल पॅनेलची कडा. हे एकदा गेलं की पुन्हा मिळत नाही. कपॅसिटर मात्र कुठेही मिळतो.

अस्सल कारखान्याचं कॅबिनेट क्वचित सापडतं. सापडलं तर मागची अनुक्रमांकाची पट्टी, मॉनिटरच्या चेसिसवरचं लेबल आणि बोर्डावरचे स्टिकर हे आधी टिपून घ्या. तिथे दुसऱ्या सल्लागाराचं थोडं जास्त ऐकायला हरकत नाही.

२. विकत घेताना

विकणारे नाना किंवा आबा "चालू कंडिशन आहे" म्हणाले तरी प्लग लावू नका. आधी मागची फळी उघडा आणि टॉर्च मारून क्रमाने बघा:

- पिक्चर ट्यूबची मान शाबूत आहे ना? मान तडकली असेल तर ट्यूब संपली, आणि किंमत निम्म्याने खाली.
- उंदरांनी वायरी कुरतडल्यात का? लेंड्या दिसल्या तर कुरतडलेलं धरूनच चाला.
- तळाची प्लाय बोटाने दाबून बघा. दबली तर पाणी लागलंय, पोकळ वाजली तर वाळवी आहे.
- बोर्ड जागेवर आहे का? बऱ्याचदा तो आधीच विकलेला असतो आणि नुसती वायरिंग लोंबत असते.
- किल्ल्या आहेत का? नसतील तर कॉइन डोअरचं (नाणं टाकायच्या पत्र्याच्या दाराचं) कुलूप ड्रिलने उघडावं लागतं.

साध्या कागदावर विक्रीपावती करून घ्या. मशीनचं वर्णन, बोर्डावरचे नंबर, तारीख, दोघांच्या सह्या आणि सोबत फोटो. घरात ठेवायचं असेल तर एवढं पुरे. पैसे घेऊन लोकांना खेळू द्यायचं असेल तर परवान्याचं काय ते तहसील कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्या. मशीन आडवं घालून आणू नका. छोटा हत्ती केला तरी उभं बांधा आणि ट्यूबचं तोंड गाडीच्या पुढच्या बाजूला ठेवा.

३. लागणारं सामान

- डिजिटल मल्टिमीटर
- २५ ते ३० वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर, फ्लक्स, डिसोल्डर पंप आणि विक (सोल्डर शोषणारी तांब्याची पट्टी)
- ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, पांढरा खोडरबर, एक इंची रंगाचा ब्रश, ब्लोअर
- आयसी काढायचा चिमटा
- काचेचे फ्यूज, उष्णतारोधक स्लीव्ह, केबल टाय
- ५०० व्हीएचा स्टॅबिलायझर
- झिप लॉक पिशव्या, मार्कर आणि एक वही

जळगावच्या गोलाणी मार्केटच्या आसपास यातलं बरंचसं मिळतं. मायक्रोस्विच (बटणाखालचे छोटे स्विच), स्टिक आणि जामा कनेक्टर (बोर्ड खोक्यातल्या वायरिंगला जोडणारा) बहुधा ऑनलाइन किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावे लागतात. पिशव्या आणि वही यादीत शेवटी आहेत, पण ज्यांच्याकडे त्या नसतात त्यांचीच मशीनं अर्धी उघडून पडलेली दिसतात.

४. पहिल्यांदा करंट देण्याआधी

प्रत्येक कनेक्टरचा फोटो काढा, त्याला चिकटपट्टी लावून नंबर द्या. मग ब्रश आणि ब्लोअरने धूळ काढा. जिनिंगच्या पट्ट्यातल्या मशीनमध्ये धुळीबरोबर सरकीची तूस असते. ती ईएचटीभोवती, म्हणजे ट्यूबला हाय व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरभोवती, नमद्यासारखी बसते आणि पावसाळ्यात ओल धरते. मग रात्री चरचर आवाज येतो आणि निळी ठिणगी दिसते.

फ्यूज बघा. काचेच्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर नवल वाटू देऊ नका, पार्लरमध्ये तो सर्रास उपाय होता. तार काढा आणि २ अँपिअरचा फ्यूज घाला. तो उडाला तर आत काहीतरी शॉर्ट आहे, ते शोधा. मोठा फ्यूज घालून प्रश्न सुटत नाही.

अर्थिंगची हिरवी वायर कॉइन डोअर आणि कंट्रोल पॅनेलच्या पत्र्यापर्यंत गेली पाहिजे. प्लगची मोठी पिन आणि कॉइन डोअर यांच्यामध्ये मल्टिमीटर वाजला पाहिजे. इथे मूळ-बिळ काही नाही. दोन पिनांचा प्लग असेल तर तो फेका.

५. पॉवर सप्लाय

तीन व्होल्टेज लागतात: +५, +१२ आणि काही जुन्या बोर्डांना आवाजासाठी -५. जुना स्विचिंग सप्लाय दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. तो झिजणाऱ्या वस्तूंत धरा आणि +५ वर १५ अँपिअर देणारा नवा घ्या. फक्त जुन्याच्या वायरी कापू नका, टर्मिनल सोडवा.

नवखे हमखास अडकतात ते इथे. जामा कनेक्टरचे पितळी पाय काळे पडले की वाटेत व्होल्टेज पडतं, बोर्ड मधूनच रिसेट होतो. मग पार्लरवाला सप्लायवरचा पॉट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा स्क्रू) फिरवून +५ चे साडेपाच करून टाकायचा. तुम्ही कनेक्टर स्वच्छ केलात की तेच साडेपाच व्होल्ट थेट बोर्डावर येतात आणि आयसी जातात. म्हणून आधी बोर्ड काढा, पॉट खाली आणा, कनेक्टर साफ करा, मग बोर्ड लावून मोजा. मोजायचं बोर्डावर, सप्लायवर नाही. जामाच्या १ आणि २ नंबरच्या पिना ग्राउंड, ३ आणि ४ म्हणजे +५. बोर्ड चालू असताना तिथे ५.०० ते ५.१० हवेत. ४.७५ च्या खाली गेलं की बोर्ड अडखळतो, ५.२५ च्या वर आयसींना धोका.

रब्बीत शेतातले पंप सुरू झाले की खेड्यात व्होल्टेज किती पडतं ते सांगायला नको. स्टॅबिलायझर त्यासाठी. लाइट जाऊन लगेच आली तर मशीन आपोआप चालू होऊ देऊ नका. बटण बंद करा, दोन मिनिटं थांबा.

६. बोर्ड

जामाची ५६ पिनांची पद्धत १९८५ च्या सुमारास आली. म्हणूनच एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या खोक्यात बसतो. कनेक्टरमध्ये ७ नंबरला आडवी खूण असते, ती बोर्डाच्या खाचेत बसली पाहिजे. खूण तुटली असेल तर नवी बसवा. बोर्ड उलटा लागला तर तो जाऊ शकतो.

बोर्डाच्या कडेवरचे पाय पॉलिश पेपरने घासू नका. सोन्याचा मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा काळे पडतात. खोडरबर हलक्या हाताने फिरवा, मग अल्कोहोल.

पुढे बॅटरी. एसएनकेच्या १९९० च्या निओ जिओ एमव्हीएस पद्धतीच्या बऱ्याच मदरबोर्डांवर निकेल-कॅडमियमची ३.६ व्होल्टची बॅटरी असते. ती फुटून हिरवा-पांढरा क्षार सांडतो आणि खालचे ट्रॅक खातो. दिसताच कापून काढा, त्या जागी थोडं व्हिनेगर लावा, ब्रशने घासा, अल्कोहोलने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. तिच्या जागी थेट सीआर२०३२ हा लिथियमचा बटण सेल लावू नका. बोर्ड तिला चार्ज करायला जातो आणि लिथियम सेल चार्ज करणं धोक्याचं असतं. चार्जिंगची वाट तोडून किंवा डायोड घालूनच होल्डर बसवा.

कॅपकॉमच्या काही अस्सल बोर्डांवरची बॅटरी याहून वेगळी. सीपीएस-१ आणि सीपीएस-२ या कॅपकॉमच्या बोर्डांच्या पिढ्या. सीपीएस-२ आणि क्यू-साउंड आवाजाच्या सीपीएस-१ मध्ये ती कूटबद्ध प्रोग्राम उलगडण्याची किल्ली स्मृतीत धरून ठेवते. ती संपली की बोर्ड बंद पडतो. अस्सल मुस्तफा याच जातीचा. नकलीत ही भानगडच नाही, त्यामुळे गंमत अशी की पार्लरचा नकली बोर्ड चालत राहतो आणि कपाटात जपलेला अस्सल मरतो. अस्सल बोर्ड असेल तर बॅटरीचं व्होल्टेज मोजा. ते उतरत असेल तर सेल स्वतः उपटू नका, जाणकाराकडून बदलून घ्या. सीपीएस-२ मधली गेलेली किल्ली आता लहानशा प्रोग्रामरने परत भरता येते, तेव्हा मेलेला बोर्डही भंगारात देऊ नका.

बोर्ड चांगला आहे तोवरच ईप्रॉमच्या, म्हणजे गेम साठवलेल्या चिपच्या, प्रती काढून ठेवा. या चिपच्या वरच्या काचेच्या खिडकीवर प्रकाश पडत राहिला की आतलं हळूहळू पुसलं जातं, म्हणून निघालेले स्टिकर परत लावा. चिप काढताना खाच कुठल्या बाजूला आहे त्याचा फोटो घ्या. उलटी बसवून करंट दिला तर चिप गेलीच समजा.

आणि हजार गेमचा बोर्ड? लावा की. पाहुणे आले, पोरांना खेळायचंय, तर त्याने काही बिघडत नाही. अट एवढीच की तो जामा कनेक्टरमध्ये बसणारा हवा, वायरिंग कापून नाही. रास्पबेरी पाय हा छोटा संगणकसुद्धा जामा ॲडॉप्टरवर बसतो. जुना बोर्ड स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या पिशवीत घालून कोरड्या जागी ठेवा.

७. स्क्रीन

सगळ्यात जास्त मशीनं इथेच बिघडवली जातात, आणि माणसाला इजाही इथेच होते. २० इंची ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. नवख्याने ट्यूबच्या रबरी टोपीला हात लावू नये. गावात जुने टीव्ही मेकॅनिक अजून आहेत. त्यांना बोलवा, शेजारी उभं राहून बघा. डिस्चार्ज करताना स्क्रू ड्रायव्हरची वायर ट्यूबभोवतीच्या उघड्या जाळीदार तारेला जोडतात, चेसिसच्या कुठल्याही पत्र्याला नाही.

काही टीव्ही चेसिसची ग्राउंड थेट मेन्सशी जोडलेली असते. तिला गेम बोर्डाची ग्राउंड जोडायची तर मध्ये २३० ते २३० चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच, २०० व्हीएचा पुरतो. पार्लरमध्ये कॉइन डोअरला हात लावला की पोरांना झिणझिण्या यायच्या, त्याचं एक कारण हा ट्रान्सफॉर्मर नसणं.

मेकॅनिकला बोलावण्याआधी लक्षण ओळखा:

चित्र घरंगळतंय: आधी सिंकची (चित्र जागेवर धरणाऱ्या सिग्नलची) वायर बघा. एक रंग नाही: लाल, हिरवा, निळा यांपैकी कुठली वायर निघालीय ते बघा, जामावर १२ आणि १३ नंबरच्या पिनांपाशी. या वायरी ठीक असतील तरच चेसिसकडे वळा.

मधोमध एकच आडवी पांढरी रेघ: व्हर्टिकलचा आयसी किंवा तिथला कपॅसिटर. मशीन लगेच बंद करा, नाहीतर ती रेघ ट्यूबवर कायमची जळते.

चित्र वरून दुमडतंय, कडा लाटेसारख्या हलतात: कपॅसिटर सुकलेत. १०५ अंशांचे घ्या, ८५ चे नाही, कारण मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेरच ४५ अंशांच्या आसपास असतं आणि खोक्यात त्याहून जास्त. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, ध्रुव जुन्याप्रमाणे.

थापट मारली की चित्र येतं: ड्राय सोल्डर. ईएचटी आणि मोठ्या कनेक्टरचे पाय भिंगाखाली बघितले तर भोवती बारीक गोल भेग दिसते. जुनं सोल्डर काढून नवं भरा.

उंची कमी, वर-खाली काळे पट्टे: आपले टीव्ही ५० हर्ट्झचे आणि गेमचे बोर्ड ६० च्या आसपास. व्हर्टिकल साइझचा प्रिसेट फिरवा, बहुधा तेवढ्याने भागतं.

मेकॅनिक बहुतेक म्हणेल, "भाऊ, चायना किट टाकून देतो, झंझट नको." घाई करू नका. ते किट तुमच्या ट्यूबच्या योकशी (मानेवरच्या कॉइलशी) जुळेलच असं नाही. जुळलं नाही तर रुंदी चुकते आणि लाइन ट्रान्झिस्टर तापतो. शिवाय अनेक किटना फक्त एव्ही इनपुट असतो, त्यातून गेमची अक्षरं पुसट दिसतात. आधी जुनं चेसिस दुरुस्त होतं का ते बघा. ईएचटी मिळतच नसेल तरच किट, आणि तेही आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे) देता येईल असं. काढलेलं चेसिस घरी आणायचं, मेकॅनिककडे ठेवायचं नाही.

एलसीडी हा शेवटचा उपाय. गेम बोर्डाचा सिग्नल १५ किलोहर्ट्झचा, तो संगणकाच्या साध्या मॉनिटरला कळत नाही. मध्ये जीबीएस-८२०० सारखा कन्व्हर्टर लागतो आणि बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत किंचित उशीर होऊ शकतो. फायटिंग गेममध्ये तो जाणवतो. जामाचा रंगांचा सिग्नलही जोरकस असतो, तो कन्व्हर्टरच्या पॉटने किंवा रेझिस्टरने कमी करावा लागतो. बंदुकीचे जुने गेम एलसीडीवर चालत नाहीत. तरीही बसवायचाच झाला तर लाकडी चौकट नवी करा. जुन्या चौकटीला करवत लावली की परत ट्यूब बसायची नाही.

ट्यूबवर स्कोअरची पुसट छाप जळलेली असेल तर राहू द्या. खेळताना ती दिसतही नाही.

८. स्टिक, बटणं, कॉइन

मायक्रोस्विच झिजतात, बदला. तीन पायांपैकी कॉम (सामाईक) आणि एनओ (दाबल्यावर जुळणारा) वापरायचे. एनसीला (एरवी जुळलेला असतो त्याला) वायर लावली तर बटण दाबलेलंच राहतं. स्टिकचा दांडा आणि गोळा शक्यतो जुनाच ठेवा, बुशिंग आणि स्प्रिंग बदलली की तो पुन्हा कडक होतो. नवी बटणं घेताना पॅनेलच्या भोकाचा व्यास मोजा. ३० मिमीचं बटण २८ च्या भोकात बसवायला पत्रा घासलात तर ती चूक कायमची.

कॉइनचा घोटाळा वेगळाच. जुना मेकॅनिकल कॉइन मेक (नाणं पारखणारा भाग) १९९२ पासूनच्या २५ मिमीच्या रुपयासाठी जुळवलेला असेल, तर २०११ नंतरचा सुमारे २२ मिमीचा रुपया त्यातून नुसता घरंगळतो. मेक बदलू नका. जुने रुपये किंवा त्याच मापाची टोकन वाटीत ठेवा. घरच्यांसाठी आत, दिसणार नाही अशा जागी, क्रेडिटचं एक बटण कॉइन स्विचला समांतर जोडा.

९. खोका

वाळवीचं औषध मारण्याआधी सगळं इलेक्ट्रॉनिक बाहेर काढा, दोन-तीन दिवस वाळू द्या. तळ कुजला असेल तर अख्खी बाजू बदलू नका. खालचा तीन-चार इंचांचा पट्टा सरळ कापा, त्याच जाडीची प्लाय आतून पट्टी लावून जोडा. वरची सनमायका आणि चित्र जसंच्या तसं राहतं. सुटलेली सनमायका फेविकॉल एसआरने बसते. खोका फरशीवर टेकवू नका, खाली रबरी पाय नाहीतर इंचभर ठोकळे द्या.

वरच्या पाटीच्या काचेवर रंग मागच्या बाजूने असतो. त्या बाजूला ओलं फडकंसुद्धा लावायचं नाही, रंग पापुद्र्यासारखा निघतो. पाटीमागची ट्यूबलाइट काढून एलईडी पट्टी लावा, उष्णता कमी होते आणि रंग टिकतो. जुना चोक आणि ट्यूबलाइटची पट्टी पिशवीत.

मागच्या जाळीला पंखा लावताना हवा बाहेर फेकणारा लावा, आणि खालच्या भोकांना मच्छरदाणीचा तुकडा. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की तो महिन्याला झटकावा लागतो.

१०. वही आणि पिशवी

बदललेला प्रत्येक भाग पिशवीत, पिशवीवर तारीख आणि तो कुठून काढला ते. पिशव्या खोक्याच्या आतच खाली एका डब्यात ठेवा. म्हणजे मशीन विकलं तरी त्या सोबत जातात. वहीत +५ चं शेवटचं माप, बदललेले कपॅसिटर आणि बॅटरीची तारीख लिहा. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एकदा आणि पोळ्यानंतर एकदा मागची फळी उघडून पुन्हा मोजा. पावसाळ्यात मशीन बंद ठेवलं असेल तरी आठवड्यातून अर्धा तास चालवा, ओल बसत नाही.